उत्तर एका ओळीत नसतं तेव्हा

सातवीतला एक मुलगा. वाचन इतकं स्वच्छ की वर्गात उतारा मोठ्याने वाचायचा असला की मुलंच त्याचं नाव सुचवतात. जोडाक्षरांवर अडत नाही, पूर्णविरामाला थांबतो, आवाजात चढउतार असतो. चाचणीत याच मुलाने उताऱ्यावरचे दोन प्रश्न अचूक सोडवले आणि पुढच्या दोन प्रश्नांखाली उताऱ्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी उतरवून ठेवली. शुद्धलेखन बिनचूक. पण विचारलेलं एक आणि लिहिलेलं भलतंच.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मराठी शिकवताना अशी उत्तरपत्रिका मला दर वर्षी भेटते. बरीच वर्षं मी तिच्यावर लाल शाईने 'प्रश्न नीट वाचा' असा शेरा मारत आले. त्या शेऱ्याचा मुलांना काहीच उपयोग झाला नाही, कारण प्रश्न त्यांनी नीटच वाचलेला असायचा. उत्तर एका जागी नव्हतं, ही खरी अडचण होती. ते तीन-चार ठिकाणी विखुरलेलं होतं. विखुरलेलं गोळा करायचं असतं आणि मग जोडायचं असतं, हे त्यांना कुणी करून दाखवलंच नव्हतं. मीही नाही.

हे जोडणं म्हणजे नेमकं काय, ते उताऱ्यावाचून सांगता येणार नाही. म्हणून त्या चाचणीसाठी मी लिहिलेला उताराच इथे देते.

"आजोबांच्या घरामागे खाजन शेत होतं. शेत आणि नदी यांच्यामध्ये मातीचा बांध होता आणि बांधात एक लाकडी दार होतं. गावात त्याला मानस म्हणत. भरतीबरोबर नदीचं पाणी चढू लागलं की ते दार आपोआप मिटायचं. ओहोटी लागली की शेतातलं जादा पाणी त्याला ढकलून नदीत जायचं.

पावसाळ्याआधी आजोबा दर वर्षी सुताराला घेऊन बांधावर जात. त्या वर्षी मात्र ते एप्रिलमध्येच मुंबईला मुलाकडे गेले. परतले तेव्हा मृग लागून गेला होता.

भात छान उगवलं. श्रावणातल्या अमावास्येच्या रात्री नातवाला जाग आली. घरामागे पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला. हात कोरडाच राहिला.

सकाळी शेतात गुडघाभर पाणी होतं. आजोबांनी ओंजळीत थोडं घेऊन जिभेला लावलं आणि काही न बोलता बांधावर बसून राहिले. दुपारी ते सुताराच्या घरी गेले. नव्याच्या पंचमीला देवापुढे ठेवायची कणसं त्या वर्षी वरच्या वाड्यावरून आणावी लागली."

प्रश्न पाच होते. बांधातल्या दाराला गावात काय म्हणत? एप्रिलमध्ये आजोबा कुठे गेले? त्या रात्री शेतात पाणी कुठून आलं? दुपारी आजोबा सुताराकडे का गेले? आजोबांच्या जागी तुम्ही असता तर मुंबईला जाण्याआधी काय केलं असतं?

पहिल्या दोघांची उत्तरं ओळीवर बोट ठेवून दाखवता येतात. मानस. मुंबईला. पाचव्याचं उत्तर निम्मं उताऱ्यात आणि निम्मं मुलाच्या डोक्यात आहे. तिसरा आणि चौथा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचे आहेत. त्यांच्या उत्तराचा शब्द न् शब्द उताऱ्यातूनच येतो, तरी ते उत्तर म्हणून उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्या त्या मुलाने चौथ्या प्रश्नाला लिहिलं होतं, "पावसाळ्याआधी आजोबा दर वर्षी सुताराला घेऊन बांधावर जात म्हणून." त्याने काय केलं ते नीट पाहा. प्रश्नातला ठळक शब्द 'सुतार'. तो उताऱ्यात शोधला. पहिल्यांदा जिथे सापडला ते वाक्य उचललं आणि शेवटी 'म्हणून' लावलं. चौथीपर्यंतच्या बहुतेक प्रश्नांना ही युक्ती लागू पडते, त्यामुळे तिची सवय जडते. हा आळस नाही. इतकी वर्षं जिने गुण मिळवून दिले, ती युक्ती मूल सहजासहजी सोडत नाही.

आता जाणता वाचक हाच उतारा कसा वाचतो ते बघू. 'दर वर्षी' वाचताना तो मनात एक खूण करतो. लगेच पुढे 'त्या वर्षी मात्र' येतं. 'मात्र' हा दोन अक्षरांचा शब्द सांगतो की दर वर्षी घडणारं ते या वर्षी घडलं नाही. सुतार बांधावर गेला नाही, असं वाक्य उताऱ्यात नाही. ते 'मात्र'ने सांगितलं. सुतार बांधावर कशासाठी जात असेल? बांध मातीचा, त्यात लाकडाचं एकच काम, ते म्हणजे मानस. म्हणजे त्या वर्षी मानशीची डागडुजी राहिली. हे सगळं दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच कळून चुकतं, आणि पुढे काहीतरी बिनसणार याची त्याला चाहूल लागते.

मग रात्र. पाण्याचा आवाज आहे, पण हात कोरडा. पाऊस नाही. अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, भरती नेहमीपेक्षा चढते. मिटायला हवं ते दार धड मिटलं नसावं. सकाळी आजोबा पाणी जिभेला लावतात. उताऱ्यात 'खारट' हा शब्द कुठेच नाही, पण पाण्याची चव माणूस आणखी कशासाठी बघेल? कणसं दुसऱ्यांच्या शेतातून आणावी लागली, म्हणजे आपलं भात गेलं. आता उत्तर तयार झालं: मानशीची दुरुस्ती राहून गेली होती, उधाणाचं खारं पाणी तिच्यातून शेतात शिरलं, म्हणून ती दुरुस्त करून घ्यायला आजोबा सुताराकडे गेले. चार परिच्छेदांतल्या सात-आठ जागा मिळून हे एक वाक्य होतं.

वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रक्रियेचा पुष्कळ शोध घेतला आहे. वॉल्टर किंच आणि टॉयन व्हान डाइक या दोन संशोधकांनी १९७८ साली आकलनाचा एक आराखडा मांडला आणि १९८३ मध्ये तो आणखी पुढे नेला. सोपं करून सांगायचं तर वाचताना मनात दोन थर बनतात. एक थर वाक्यांचा, म्हणजे कोण काय म्हणालं आणि कशानंतर काय आलं याचा. दुसरा थर चित्राचा. बांध कुठे, नदी कुठे, दार कोणत्या बाजूला मिटतं, पाणी कुठून कुठे जातं, हे सगळं त्या चित्रात असतं. बोट ठेवून सापडणारं उत्तर पहिल्या थरावरून देता येतं. जोडणीचं उत्तर दुसऱ्या थरावरूनच येतं. ज्या मुलाच्या मनात बांध आणि नदी उभीच राहिली नाही, त्याच्या हाती फक्त वाक्यं उरतात, आणि तो तीच उतरवतो.

इंग्लंडमध्ये जेन ओकहिल आणि केट केन यांनी अशाच मुलांवर अनेक वर्षं काम केलं: वाचतात अस्खलित, पण आकलनात मागे पडतात. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उताऱ्यातली नेमकी जागा दाखवून दिली की यांतली बरीच मुलंही जोडणी करू शकतात. म्हणजे कुवत असते. कधी थांबायचं, कुठे मागे वळून बघायचं, हे उमगलेलं नसतं. हे वाचलं त्या दिवसापासून मी तो लाल शेरा लिहिणं बंद केलं.

अडखळत वाचणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. एकेक अक्षर जुळवण्यातच सगळं लक्ष खर्च झालं तर आधीचं वाक्य मनात धरून ठेवायला जागा उरत नाही. तिथे आधी वाचनाचा ओघ यायला हवा.

आता आपल्या भाषेकडे येऊ, कारण या बाबतीत मराठीचे काही खास पेच आहेत आणि गोव्यात ते दुप्पट होतात. वरच्या उताऱ्यातला 'ते' पाहा. 'ते दार आपोआप मिटायचं' इथे 'ते' म्हणजे समोरचं दार. 'मात्र ते एप्रिलमध्येच' इथे 'ते' म्हणजे आजोबा, आदरार्थी. 'त्याला ढकलून' मधला 'त्याला' दारासाठी, आणि 'त्याने खिडकीतून हात' मधला 'त्याने' नातवासाठी. मोठ्या उताऱ्यात 'त्यांनी' आलं तर ते एकटे आजोबाही असू शकतात, एकटी आजीही आणि दहा गावकरीही. हे सर्वनाम कोणाचं, हे ठरवणं हीच जोडणीची पहिली पायरी, आणि ती आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की शिकवायची म्हणून लक्षातच येत नाही.

माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी कोंकणी बोलतात. कोंकणीत धाकट्या बहिणीबद्दल, तरुण मुलीबद्दल बोलताना 'तें' म्हणतात. ते मूल मराठी उताऱ्यात 'ते' वाचतं तेव्हा क्षणभर का होईना, आधीच्या वाक्यातल्या मुलीकडे वळण्याचा संभव असतो. दुसरा शब्द 'देखून'. कोंकणीत त्याचा अर्थ 'म्हणून', कारण सांगणारा सांधा. मराठीत, विशेषतः जुन्या कवितेत, 'देखून' म्हणजे पाहून. ज्या शब्दाने दोन वाक्यांचा सांधा जुळायचा तोच शब्द दोन भाषांत दोन कामं करतो. दोन भाषा बोलणं ही या मुलांची श्रीमंती आहे, तिला मी अडचण कधीच म्हणणार नाही. फक्त शिक्षकाला या जागा ठाऊक हव्यात. 'मात्र', 'तरीही', 'त्यामुळे', 'उलट', 'एवढ्यात' हे शब्द मी आता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते आणि प्रत्येकाला विचारते: हा शब्द कशाला कशाशी बांधतो?

आणखी एक गोष्ट पेपर काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी. अमेरिकेत १९८८ साली डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगला जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. मजकुरात न लिहिलेल्या फटी भरायला विषयाची ओळख लागते. माझ्या उताऱ्यात तेच झालं. दिवाडी बेटावर आजोळ असलेल्या एका मुलीने तिसरा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. खाजनं मांडवी-झुआरीच्या भरतीच्या पट्ट्यात आहेत. तिने मानस डोळ्यांनी पाहिली होती, खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगूट भात तिला माहीत होतं. खाण पट्ट्यात वाढलेल्या मुलाने नदी म्हणजे गोडं पाणी, असंच धरलं. त्याचं काय चुकलं? भरतीचं पाणी खारं असतं, एवढं एक वाक्य मी उताऱ्यात घालायला हवं होतं. पुढच्या वर्षीच्या उताऱ्यात घातलं.

उलटंही घडतं. ओळखीचा विषय असला की मूल उतारा न वाचताच ठोकून देतं. चवथीवरचा, म्हणजे गणेशचतुर्थीवरचा, उतारा द्या आणि 'या कुटुंबाने माटोळी का बांधली नाही' असं विचारा. (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळाफुलांनी सजवलेली चौकट.) अर्धा वर्ग आपल्या घरची चवथ लिहून मोकळा होतो.

हे सगळं इतकं महत्त्वाचं कशासाठी, असं पालक विचारतात. परीक्षेचं उत्तर आधी देते. चौथीच्या मुलांचं वाचन तपासणारी पर्ल्स ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्यात प्रश्नांचे चार स्तर आहेत: थेट लिहिलेलं शोधणं, सरळ अनुमान काढणं, माहिती जोडून अर्थ लावणं आणि मजकुराची पारख करणं. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या पिसा चाचणीत २००९च्या फेरीला जोडून घेतलेल्या टप्प्यात भारतातून हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू उतरले होते आणि दोन्ही राज्यं यादीच्या तळाशी राहिली. पिसाच्या २०१८च्या नमुन्यातला रापा नुई बेटावरचा प्रश्नसंच पाहण्यासारखा आहे. मुलाला तीन वेगवेगळे मजकूर मिळतात: एका प्राध्यापिकेची टिपणं, एका पुस्तकाचं परीक्षण आणि विज्ञानविषयक बातमी. बेटावरची मोठी झाडं नाहीशी झाली, यावर सगळे सहमत. का झाली, यावर मतभेद. एकाच्या मते माणसांनी तोडली, दुसऱ्यांच्या मते उंदरांनी बिया खाल्ल्या. कोणाचं म्हणणं काय आणि कुठे जुळतं, हे मुलाने लावायचं.

पण परीक्षेच्या आधी मला घर आठवतं. सरकारी योजनेच्या पत्रकात पात्रता एका कलमात असते, अपवाद चार कलमं सोडून, आणि मुदत शेवटच्या ओळीत. औषधाच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव वर, 'जेवणानंतर' खाली. जोडता येत नाही तो माणूस प्रत्येक ओळ वाचूनही दुसऱ्याच्या सांगण्यावर राहतो. माझ्या विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न काढताना मी एक चाचणी लावते. उत्तराला लागणारी वाक्यं शोधायची आणि त्यांतलं एकेक बोटाने झाकायचं. एक झाकूनही उत्तर पुरतं येत असेल, तर त्या वाक्याची गरज नव्हती. एक सोडून सगळी झाकली तरी उत्तर येत असेल, तर तो जोडणीचा प्रश्नच नव्हे, नुसता तसा दिसतो. संगणकाला वाचायला शिकवणाऱ्यांनाही हाच धडा मिळाला. २०१८ साली हॉटपॉटक्यूए नावाचा सुमारे १ लाख १३ हजार प्रश्नांचा संच तयार झाला. दोन वेगवेगळ्या लेखांतली माहिती जोडून उत्तर द्यायचं, आणि कोणत्या वाक्यांवरून दिलं तेही दाखवायचं, अशी त्याची रचना. पुढच्याच वर्षी संशोधकांनी दाखवलं की त्यातले बरेच प्रश्न एकाच परिच्छेदावरून सुटतात. यंत्रही आमच्या मुलासारखीच जवळची वाट शोधतं.

वर्गात शिकवायचं कसं? अमेरिकेतल्या टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात प्रश्न आणि उत्तर यांच्या नात्यावरून चार प्रकार पाडले आणि ते मुलांनाच शिकवले: उत्तर इथेच आहे, विचार करा आणि शोधा, लेखक आणि मी, माझं मी. मुलाने आधी प्रश्नाची जात ओळखायची, मग शोधाला लागायचं. मी ही नावं आमच्याकडची केली. पहिल्याला आम्ही 'बोट ठेव' म्हणतो. दुसऱ्याला मुलांनीच 'माटोळी' नाव दिलं. नारळ परसातला, सुपारीचा घड कुळागरातला, कांगलं रानातलं. सगळं आणून ओसरीवर टाकलं म्हणून ती माटोळी होत नाही, प्रत्येक वस्तू आपल्या जागी बांधावी लागते. सहा-सात वाक्यं गोळा करून एकाखाली एक लिहिणाऱ्या मुलाला आता शेजारचा मुलगाच सांगतो, "हाडलां सगळें, बांदूंक ना." आणलंय सगळं, बांधलं नाही.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मोठ्याने विचार करून दाखवण्याचा. मी उतारा वाचते आणि मधेच थांबते. "हात कोरडाच राहिला. हे इथे कशाला सांगितलं असेल? जरा मागे जाते हं." आणि खरोखर पान मागे उलटते. शिक्षकसुद्धा मागे जाऊन बघतो, यात कमीपणा नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसावं लागतं. उत्तर आल्यावर, बरोबर असो वा चूक, एकच विचारते: "कुठल्या ओळींवरून?" ओळींवरून, ओळीवरून नव्हे.

गुण देताना माझा एक आग्रह आहे. एका मुलीने चौथ्या प्रश्नाला लिहिलं, "मानस दुरुस्त करूंक नाशिल्ली देखून खारें उदक भितर सरलें." मी आकलनाचे पूर्ण गुण दिले. भाषा मराठी हवी, ती आम्ही नंतर दोघींनी मिळून लिहिली. पण समजण्याचे गुण भाषेपायी कापले असते, तर उताऱ्यातलं वाक्य उतरवून ठेवणंच सुरक्षित, एवढंच ती शिकली असती.

आणि तो पहिला मुलगा? गेल्या महिन्यात हाच उतारा पुन्हा काढला, तेव्हा पाचही प्रश्न संपल्यावर त्याने हात वर केला. "टीचर, नातवाने रात्रीच आजोबांना उठवलं होतं की नाही?" उताऱ्यात ते नाही. मी उत्तर दिलं नाही. कुणीतरी म्हणालं, उठवलं असतं तर आजोबा रात्रीच बांधावर गेले असते. दुसरी म्हणाली, अंधारात, भर उधाणात जाऊन काय करणार होते? तिसऱ्याने 'काही न बोलता बसून राहिले' यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, कदाचित नातवावर रागावले असतील. घंटा झाली तरी त्यांची पानं मागेपुढे होतच होती.